मेण, पिंजर आणि पेशवाई लूक

ब्यूटी पार्लरच्या दरपत्रकावर इतिहास छापून येऊ लागला त्याला आता दहाएक वर्षे झाली असतील. २०१५ साली 'बाजीराव मस्तानी' आला आणि त्यानंतर मी जिथे जिथे गेले तिथे मला 'पेशवाई लूक' भेटत राहिला. पुणे, पणजी ठीक आहे. पण भोपाळच्या कोलार रोडवरही? तिथल्या एका पार्लरच्या काचेवर हिंदीत तीन ओळी होत्या : 'मराठी ब्राइड', 'पेशवाई', 'राजा रवि वर्मा'. तिन्हींचे दर वेगळे, आणि रविवर्मा सर्वांत महाग.

भोपाळ आणि पेशवाई यांचा संबंध मात्र जुना आहे बरे का! १७३७ च्या डिसेंबरात पहिल्या बाजीरावाने निजामाला याच भोपाळात कोंडले आणि ७ जानेवारी १७३८ रोजी जवळच्याच दोराहा सराईला तह करायला लावला. पुढे १९५६ साली मध्यप्रदेशाची राजधानी भोपाळला आली तेव्हा नागपूरच्या सचिवालयातली पुष्कळ मराठी कुटुंबे फायलींबरोबर इकडे आली. त्यांची मुलेनातवंडे शहरभर पसरली. त्यातली काही कोलार रोडवर. हा रस्ता कोलार धरणाकडे जातो म्हणून त्याचे हे नाव. कोलारची नगरपालिका वेगळी होती, ती २०१४ साली भोपाळ महापालिकेत आली. आता दुतर्फा वसाहती, मिठाईची दुकाने, कोचिंग क्लास आणि पार्लरे.

माझी मावसबहीण तिथे राहते. तिच्या वसाहतीतल्या मराठी बायकांनी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला 'जुन्या काळच्या स्त्रिया' असा विषय ठेवला होता. कोणी जिजाऊ, कोणी अहिल्याबाई, कोणी आनंदीबाई जोशी. माझ्या भाचीने मला फोनवर सांगितले, "मावशी, मी बालगंधर्व होणार."

म्हणजे बाईची भूमिका करणाऱ्या पुरुषाची भूमिका एक मुलगी करणार! मला ही कल्पना इतकी आवडली की मी गोवा एक्स्प्रेसचे तिकीट काढले.

आता मूळ मुद्द्याकडे येते. पेशवाईतली बाई दिसायची कशी, हे आपल्याला नेमके किती ठाऊक आहे? जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार १७९० नंतर पुण्यात होता. त्याने सवाई माधवराव, नाना फडणवीस यांना समोर बसवून रंगवले. पण घरंदाज बायका अशा परक्या चित्रकारापुढे बसत नसत. त्यामुळे त्यांची समोर बसवून काढलेली चित्रे दुर्मिळच. आज आपण ज्याला 'पारंपरिक मराठी सौंदर्य' म्हणतो, म्हणजे भरला चेहरा, मधोमध भांग, मोठी नथ, कपाळावर ठसठशीत कुंकू, अंबाड्यावर फुले, ते चित्र आपल्या डोळ्यांपुढे ठेवले ते शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या दोन माणसांनी. एक केरळचा चित्रकार आणि दुसरा एक मराठी पुरुष नट. आणि दोन्हीकडे आमच्या गोव्याचा धागा आहे.

राजा रविवर्मा यांनी १८९४ साली मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. त्या छापखान्यातून निघालेल्या लक्ष्मी-सरस्वती घरोघरी भिंतीवर लागल्या. देवींना आणि पौराणिक नायिकांना नऊवारी नेसवण्याचे श्रेय (किंवा दोष) त्यांचेच. चित्रासाठी बसायला कोण येणार? कुलीन घरातल्या बायका नाहीत. ज्यांना गाण्यामुळे चारचौघांत यायची सवय होती त्या बायका. पेडणे महालातल्या मालपे गावच्या अंजनीबाई मालपेकर (१८८३–१९७४) या भेंडीबाजार घराण्याच्या थोर गायिका. १९५८ साली त्यांना संगीत नाटक अकादमीचे सदस्यत्व मिळाले. तरुणपणी रविवर्म्यांच्या चित्रांना त्यांच्या रूपाने प्रेरणा दिली, असे त्यांच्याविषयी सांगितले जाते. मला यात गंमत वाटत नाही, थोडा रागच येतो. जिच्या गळ्याची कीर्ती तिला 'तसल्या घरातली' म्हणणारा समाज तिच्या वर्गातल्या बायकांचाच चेहरा देव्हाऱ्याशेजारी टांगून त्याला हळदकुंकू वाहत होता.

२०२० सालच्या एका दिनदर्शिकेसाठी छायाचित्रकार जी. वेंकट राम यांनी दक्षिणेतल्या नट्यांना घेऊन रविवर्म्यांची चित्रे हुबेहूब उभी केली. 'राजा रवि वर्मा लूक' पार्लरच्या काचेवर येण्याला बहुधा तीच कारणीभूत असावी. त्या छायाचित्रांत दागिने, पदर, उजेडाची दिशा सगळे जमले आहे. पण चेहरे आजचेच वाटतात. का, ते मला कोलार रोडवरच्या त्या पार्लरवालीने शिकवले. त्याबद्दल पुढे.

दुसरा माणूस नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे बालगंधर्व. जन्म २६ जून १८८८. १९०५ साली किर्लोस्कर मंडळीत आले, १९११ साली 'मानापमाना'तली भामिनी, १९१३ साली स्वतःची गंधर्व नाटक मंडळी, १९१६ साली 'स्वयंवरा'तली रुक्मिणी. नाटकातली बाई बघायला खऱ्या बायका जात आणि घरी येऊन आरशासमोर तसा अंबाडा बांधून बघत. खरे शालू, खरी अत्तरे, खरे दागिने यांवर पाण्यासारखा पैसा गेला आणि मंडळी कर्जात बुडाली. तरी रंगभूमीवरच्या त्या बाईचे दिसणे, चालणे, पदर सावरणे हे महाराष्ट्राचे माप ठरले. वर्षानुवर्षे.

इकडे आमच्या मंगेशीचे मास्टर दीनानाथ (१९००–१९४२). 'भावबंधना'तली लतिका, 'रणदुंदुभी'तली तेजस्विनी त्यांनी उभी केली. त्यांच्या मातोश्री येसूबाई मंगेशीच्या देवळात सेवा करणाऱ्या कलावंत. आईने नटूनथटून देवापुढे गावे तर तिला समाजात वेगळी पंगत. मुलाने लुगडे नेसून कुलीन कन्या व्हावे तर टाळ्या! त्या काळातल्या सौंदर्याचा हिशेब मांडायचा असेल तर ही एक ओळ पुरेशी आहे असे मला वाटते. पुढे १९३३ साली 'आंधळ्यांची शाळा' आले, त्यात बांदिवड्याच्या ज्योत्स्ना भोळे आल्या, आणि बाईची भूमिका बाईने करायची हे हळूहळू अंगवळणी पडले. त्याबरोबर चेहऱ्यावरचा रंगही पातळ झाला.

असो. तर आम्ही बालगंधर्वांचा एक फोटो घेऊन पार्लरात गेलो. पार्लरवाली विशी-पंचविशीची भोपाळी मुलगी. नाटक, गंधर्व, काही ठाऊक नाही. तिने फोटो मोठा करून पाहिला आणि म्हणाली, "दीदी, इसमें कंटूर नहीं चलेगा."

किती बरोबर! आजचा मेकअप गालाखाली गडद रंग लावून गालाची हाडे वर काढतो, चेहरा निमुळता करतो. जुना आदर्श नेमका उलटा : पुरणपोळीसारखा भरलेला, गोल चेहरा. दिनदर्शिकेतले चेहरे आजचे का वाटतात ते मला तिथे कळले. साड्या १८९० च्या आणि गाल २०२० चे. तिने गडद रंग बाजूला ठेवला आणि गालाच्या मध्यभागी फिकट, चमकता रंग लावून भाचीचा चेहरा गोल केला. मग ओठ. आज ओठांच्या रेषेबाहेर रंग काढून ते मोठे करतात. तिने ओठांच्या कडा फाउंडेशनने झाकून टाकल्या आणि आत छोटे धनुष्य काढले. भुवया बारीक, कमानदार. काजळ खालच्या पापणीला, कोपऱ्यात जरा बाहेर ओढलेले. हाताला आणि मानेलाही तोच रंग, कारण चेहरा एका रंगाचा आणि हात दुसऱ्या रंगाचे असले की सोंग उघडे पडते. हे दशावतारी माणसाला कोणी शिकवावे लागत नाही.

फोटोवरून रंग ओळखायचा मात्र एक धोका आहे, तो मी तिला सांगितला. त्या काळच्या काचांना आणि फिल्मला तांबडा रंग दिसतच नसे. म्हणून कुंकू काळे येते, ओठ काळपट येतात, हळदीची पिवळी झाक असलेली कांतीही गडद येते. जुन्या फोटोतली आजी सावळी होती की गोरी, हे त्या फोटोला विचारू नये.

हल्ली आपण चेहरा कॅमेऱ्यासाठी रंगवतो, तेव्हा दिव्यासाठी रंगवत. लोकनाट्यात सफेदा आणि मुरदाडशिंग. हे मुरदाडशिंग म्हणजे शिशाचे भस्म, सरळ विष, आणि नट ते रात्र रात्र तोंडावर बाळगत. युरोपात १८७३ पासून बर्लिनच्या लाइश्नरच्या रंगकांड्या आल्या, त्या नटांच्या दृष्टीने वरदानच. सिनेमासाठी आणखी पातळ लेप लागला. रवी जाधव यांच्या 'बालगंधर्व' (२०११) मध्ये सुबोध भावे यांचा चेहरा विक्रम गायकवाड यांनी केला. त्या वर्षीचे रंगभूषेचे राष्ट्रीय पारितोषिक त्यांना 'बालगंधर्व' आणि 'द डर्टी पिक्चर' या दोन चित्रपटांसाठी मिळाले. एकाच माणसाने एकाच वर्षात भामिनी आणि सिल्क स्मिता! मे २०२५ मध्ये ते गेले. पडद्यावर जवळून पाहतानाही तो पुरुषाचा चेहरा आहे हे विसरायला होते, पण पूर्ण विसरू देत नाही. मला वाटते गायकवाडांची खरी करामत ती.

कपाळापाशी आम्ही अडलो. पार्लरवालीकडे चंद्रकोरीच्या टिकल्यांची पाकिटे होती. पण त्या वेळी टिकली कुठली? आधी मेण. फणेरपेटीतल्या डबीतले मेण बोटाने कपाळावर गोल लावायचे आणि त्यावर कोरडे कुंकू दाबायचे. कुंकू म्हणजे तरी काय, हळदच. हळकुंडे लिंबाच्या रसात सवागी घालून मुरवायची, वाळवायची, दळायची. पिवळ्याचे लाल होते. पंढरपूरला कुंकवाच्या राशी आपण सगळ्यांनी पाहिल्या आहेत. आज बाजारात मिळते त्यात पुष्कळदा पीठ आणि कृत्रिम रंग असतो. मी घरून पिंजर नेली होती, कुयरीत भरून. मेण काही मिळेना. शेवटी पार्लरवालीने मधमाशीचे मेण असलेला लिप बाम काढला, कपाळावर गोल टेकवला, त्यावर पिंजर दाबली आणि वरून मेकअप टिकण्याचा फवारा मारला. रात्री अकरापर्यंत कण हलला नाही. आमच्या आज्या हे पाहून खूश झाल्या असत्या.

एक गोष्ट मात्र कोणी मागितली नाही आणि कोणी मागणारही नाही. काळे दात. सवाष्णीचे दात दातवणाने काळेभोर असणे हे एके काळी रूपाचे लक्षण होते. उत्तरेकडे तीच मिस्सी. माजूफळ, लोखंडाचा कीस, मोरचूद असले पदार्थ, म्हणजे जवळजवळ शाईच. जपानातही बायका लोखंड आणि माजूफळाचा असाच रंग दातांना लावत. तिथे १८७० साली सरकारने उमराव घराण्यांना बंदी केली आणि १८७३ साली खुद्द सम्राज्ञी पांढऱ्या दातांनी लोकांपुढे आली. आपल्याकडे बंदी कोणी केली नाही, ती चाल आपोआप लाजून गेली. पेशवाई लूकवाल्यांनी पेशवाईतून काय उचलले आणि काय सोडले, ते बघण्यासारखे आहे. गोरेपणा उचलला. तो तर आपल्याला फारच आवडतो. १९७५ पासून 'फेअर अँड लव्हली' विकणाऱ्यांनी २०२० साली नाव बदलले; नळीतली हौस तीच. गोंदणही सोडले. आमच्या गावडा-कुणबी बायकांच्या हातांवर होते ते, किंवा भोपाळच्या जनजातीय संग्रहालयात बैगा बायकांचे मांडले आहे ते.

गोंदणाचे नाव काढले ते आजींमुळे. आजी म्हणजे माझ्या बहिणीच्या सासूबाई. ऐंशीच्या घरात आहेत. वडील १९५६ साली नागपूरहून आले तेव्हा त्या शाळेत होत्या. त्यांच्या आजीचे दात काळे होते हे त्यांना चांगले आठवते, आणि कपाळावर गोंदलेले कुंकूही. "ती विधवा झाली तरी कोणाला पुसता आलं नाही," आजी सांगत होत्या. केस काढले, बांगड्या फोडल्या, पण गोंदलेले तसेच राहिले. लोक त्यावरून बोलत, म्हणून ती पदर भुवयांपर्यंत ओढून घेई.

आजींच्या स्वतःच्या कपाळावर मधोमध एक पांढरा गोल डाग आहे. रुपयाएवढा. त्यांनी तीसएक वर्षे चिकटवायची टिकली लावली. काही टिकल्यांच्या डिंकात एक रसायन असते, त्याने त्वचेचा रंग तेवढ्याच जागी जातो. त्वचारोगाच्या डॉक्टरांना हा प्रकार पाठ आहे. यजमान गेले तेव्हा आजींनी टिकली काढली. कोणी सांगण्याआधीच काढली म्हणे. आणि तेव्हापासून तो पांढरा गोल सगळ्यांना दिसतो. टिकली होती तोवर तो झाकलेला होता.

संध्याकाळी हळदीकुंकू घरीच होते. पार्लरवाली भाचीचा अंबाडा नीट करायला घरी आली होती. आजी आतल्या खोलीत जाऊन बसल्या, कोणी जा म्हटले नव्हते. अशा वेळी बायका आपल्या आपणच उठतात, ते आपल्या हाडात इतके मुरले आहे. ती मुलगी पिना शोधत आत गेली, आजींचे कपाळ पाहिले आणि सहज म्हणाली, "दादी, ये तो दो मिनट में छुप जाएगा. कर दूँ?" तिच्या पेटीत सगळ्या रंगांचे कन्सीलर होते.

आजींनी करून घेतले. दोन मिनिटेही लागली नाहीत. कपाळ एकसारखे झाले. आरसा बराच वेळ धरून होत्या. मग त्यांनी ओल्या रुमालाने ते पुसून टाकले आणि बाहेर येऊन खुर्चीवर बसल्या, डागासकट. बायका क्षणभर गप्प झाल्या. माझ्या बहिणीने तबक घेऊन सासूपुढे धरले. "हळद लाव," आजी म्हणाल्या. "लाल नको. मला आता सवय नाही."

बहिणीने हळद लावली, वाण दिले. एक बाई कुरकुरली, तीळगूळ तोंडात असल्यामुळे ती काय म्हणाली ते कळले नाही!

मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने ठराव केला की गावात नवरा गेल्यावर बाईचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे हे प्रकार बंद. महाराष्ट्र सरकारने त्याच महिन्यात परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींना तसे करायला सांगितले. एका ग्रामपंचायतीला कुंकवाच्या बोटभर जागेवर ठराव करावा लागतो, हे बाहेरच्या माणसाला विचित्र वाटेल. आम्हा गोवेकरांना वाटू नये. १४ एप्रिल १७३६ रोजी इन्क्विझिशनने गोव्यात फर्मान काढले, त्यात नव्या ख्रिस्तींना लग्नात हळद लावायला, नारळाच्या रसाने न्हाऊ घालायला मनाई होती. फुले-विडे वाटायला, बायकांना चोळी घालायलासुद्धा. त्याला आता पावणेतीनशेहून अधिक वर्षे झाली. हळद गेली. पण आमच्या शेजारच्या क्रिस्तांव घरात लग्नाच्या आदल्या दिवशी नवरा-नवरीला नारळाच्या रसाने माखतात. 'रोस' म्हणतात त्याला, आणि आजही थाटात करतात.

भाचीचे बालगंधर्व चांगले झाले. वसाहतीतल्या एका आजोबांनी तिला वाकून नमस्कार केला, ती इतकी गोंधळली की तिने त्यांनाच उलटा केला. फोटो मात्र फसले. तिने सगळे स्वतःच्याच मोबाइलवर काढले होते आणि तो आरशासारखी उलटी प्रतिमा ठेवतो, त्यामुळे नथ उजव्या नाकपुडीत गेली. गोव्याला पाठवल्याबरोबर माझ्या वहिनीचा फोन : नथ कोणी घातली गे तिला?

अंबाड्यात मोगऱ्याचा गजरा होता. भोपाळात आबोली मिळाली नाही, मिळणारही नव्हती. आजींनी आबोली पाहिलेली नाही. आमच्याकडे फाती कशी गुंफतात, केळीच्या सोपाचा धागा कसा काढतात, ते मी त्यांना कागदावर काढून दाखवले. पुढच्या संक्रांतीला घेऊन ये म्हणाल्या. गोवा एक्स्प्रेसने एक रात्र आणि एक अख्खा दिवस लागतो. आबोलीला वास नाही, पण ती दोन दिवस सहज टिकते, ओल्या फडक्यात आणि केळीच्या पानात बांधली तर.